पहिली जोडी

त्या वर्षी कार्मिनच्या हातून पहिली जोडी पडली, आणि पडली तीही साऱ्या चौकाच्या देखत.

उत्तनजवळच्या चौक गावाच्या किनाऱ्यावर पावसाळा सरून ऊन तापायला लागलं की घरोघरच्या वलांड्या उभ्या राहतात. बांबूच्या काठ्या वाळूत रोवायच्या, त्यांवर खालपासून वरपर्यंत दोऱ्या ताणायच्या आणि त्या दोऱ्यांवर बोंबील टांगायचे. टांगायचे म्हणजे धुणं वाळत घालतो तसे नव्हेत. ओला बोंबील हातात थांबतच नाही, बोटांतून सांडतो. त्याचा जबडा बोटानं उघडायचा, दुसऱ्याचा जबडा त्यात अडकवायचा, मनगटाला हलका हिसका द्यायचा, की बारीक दात एकमेकांत रुततात आणि जोडी होते. दोरीवर टाकली की एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. मोसमातली पहिली जोडी घरच्या मालकिणीनं लावायची, तो तिचा मान. ती लागल्याखेरीज मजुरीच्या बायासुद्धा पाटीला हात लावत नाहीत.

सासू गेल्यापासून हा मान कार्मिनचा होता, आणि तिनं तो नुसता मिरवला नव्हता. तिच्या बोटांना डोळे आहेत असं बायका म्हणत. शेजारच्या वलांडीवरच्या ब्रिजिताशी ती तोंड फिरवून गप्पा मारी, हसे, एखादीची उणीदुणी काढी आणि हात आपले चाललेले असत. वाऱ्यानं कितीही झोडपलं तरी तिची जोडी पडत नसे.

आता तीन वर्षं झाली होती, सकाळी उठल्यावर तिची बोटं उघडतच नव्हती. रात्रीत कोणीतरी येऊन दोन्ही हातांच्या मुठी शिवून जावं तशी. सून मिशेल परातीत कोमट पाणी आणून ठेवी, त्यात हात बुडवून कार्मिन बसून राही. न्हाणीतला नळ तिला पिळता येत नव्हता. झग्याची बटणं सून लावी. लग्नातली अंगठी भाईंदरच्या सोनारानं कानशीनं घासून कापून काढली होती, कारण बोट सुजून ती मांसात रुतली होती. अंगठी कापताना कार्मिन रडली नाही, सोनाराला म्हणाली, "नीट काप, परत सांधायची हाय." ती अजून कपाटात तशीच उघड्या तोंडाची पडली होती.

तर त्या दिवशी नवऱ्याची, मोझेसची होडी मोसमाचे पहिले बोंबील घेऊन आली. मोझेस आणि मुलगा डेन्झिल यांनी पाट्या वाळूत उतरवल्या. मजुरीच्या बाया पदर खोचून उभ्या राहिल्या. कार्मिननं सकाळपासून हात शेकले होते, मुशी माशाच्या काळजाचं तेल चोळलं होतं, सोबत एक दुखण्याची गोळीही घेतली होती. तिनं कपाळावर क्रूसाची खूण केली आणि पाटीतला बोंबील उचलला. जबडा उघडला. दुसरा उचलला. अडकवला. हिसका द्यायला मनगट वळवलं आणि तिच्या कोपरापर्यंत कळ गेली. तरी तिनं जोडी दोरीवर टाकली. जोडी क्षणभर लोंबली, मग दोन्ही बोंबील दोन बाजूंना वाळूत पडले.

कोणी काही बोललं नाही, हीच पंचाईत. कोणी हसलं असतं तर कार्मिननं दोन शिव्या घालून वेळ मारून नेली असती.

"तू बस गो बाय," ब्रिजिता शेवटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात कीव होती. "सुनेला लावू दे. आता तिचाच मान न्हाय का?"

"माजा हात वाईच आखडलाय," कार्मिन म्हणाली.

मोझेस पुढं आला. त्यानं वाळूतले बोंबील उचलले, गुडघाभर पाण्यात जाऊन धुतले आणि स्वतःच्या जाड बोटांनी कसेबसे अडकवून दोरीवर टाकले. वलांडीचं काम बायकांचं. पुरुषाला जोडी लावताना चौकात कोणी पाहिलं नव्हतं. कार्मिनला वाटलं, याच्यापेक्षा त्यानं मला चारचौघांत ओरडायला हवं होतं. ती उपड्या टबावर जाऊन बसली आणि दिवसभर तिथंच बसली.

मिशेलनं मग टांगायला सुरुवात केली. मिशेल वसईची, पानवेलीच्या वाडीत वाढलेली. तिला मासा खाता येई, त्यापलीकडं माशाचं आणि तिचं काही नातं नव्हतं. भाईंदर पश्चिमेला एका ब्युटी पार्लरमध्ये ती कामाला होती आणि मोसमापुरती अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून वलांडीवर येत होती. लाल रंगवलेल्या नखांनी ती बोंबलाचा जबडा उघडायची तेव्हा मजुरीच्या बाया एकमेकींना डोळे मारत. तिच्या दर चार जोड्यांतली एक पडे. टबावर बसून कार्मिन ते बघे, आणि तिच्या मांडीवरची बोटं नकळत हलायला लागत.

*

भाईंदरच्या इस्पितळातल्या डॉक्टर मृणालिनी वयानं लहान होत्या, पण हात हातात घ्यायची त्यांची रीत चांगली होती. दाबायच्या आधी त्या विचारत, "दाबू का?" त्या दिवशी त्यांनी कार्मिनची बोटं एकेक करून पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सूज उतरायलाच तयार नाही, मावशी. ही म्हातारपणाची झीज नाही हे मागेच सांगितलंय. तुमचं शरीरच तुमच्या सांध्यांवर उठलंय. त्याला आवरायला ती पिवळी गोळी आहे."

हे वाक्य ऐकलं की कार्मिनला दर वेळी राग येई. ज्या शरीराला आपण पन्नास वर्षं मासळी-भात घातला, ते आपल्यावर का म्हणून उठावं?

"पिवळी गोळी आठवड्यातून एकदाच घेता ना? रोज नाही ना घेत?"

"रोज न्हाय घेत."

"दर शनिवारी घेता? न चुकता?"

"घेते ना," कार्मिन म्हणाली आणि खिडकीकडं बघायला लागली.

"मग ही चालत का नाही, तेच मला कळत नाही." डॉक्टरांनी तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट अलगद उचललं. ते मधल्या पेरात वाकायला लागलं होतं. "हे बघा. सूज मी उतरवू शकते, दुखणं कमी करू शकते. पण बोट एकदा वाकून तिथंच बसलं, की ते सरळ करणं माझ्या हातात नाही. आपल्याकडं वेळ आहे, पण फार नाही. दोन महिने बघू. नाहीतर इंजेक्शनवर जाऊ."

"दोन महिन्यांनी बोंबील लावता येतील?" कार्मिननं विचारलं.

डॉक्टरांना बोंबील लावणं म्हणजे काय ते कळलं नाही. सोबत आलेल्या मिशेलनं हातानं करून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. "औषध लागू पडलं तर का नाही?" एवढंच म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये कार्मिन खिडकीशी बसली. राई गेलं, मोरवा गेला. मिशेल मोबाइल बघत होती. डोंगरीचा चढ आला तशी खाऱ्या वाऱ्याबरोबर सुकटीचा वास आत शिरला आणि कार्मिननं डोळे मिटून तो छातीभर ओढून घेतला. त्या वासासाठी ती आसुसलेली असे, आणि त्या वासापायीच तिनं एक लबाडी चालवली होती. घरात ती कुणालाच ठाऊक नव्हती.

*

मिशेलला ती कळली ती योगायोगानं.

कोळ्यांचं कॅलेंडर भिंतीवर असतं, पण कोळी त्याच्याकडं बघून जगत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेला पाणी उधाणाचं असतं. ते जोरानं ओढतं, डोल जाळ्यात मासळी कोंबून आणतं. तेव्हा घरात कोणाला बसायला सवड नसते. मधल्या अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात. तेव्हा होड्या किनाऱ्याला पडून राहतात, पुरुष जाळी शिवतात, बायका अंग टेकतात. सगळी कामं, पाहुणे, दवाखाने, भांडणंसुद्धा भांगावर ढकलायची इथली सवय आहे.

भांगातल्या एका शनिवारी मिशेलनं सासूला पिवळी गोळी घेताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी कार्मिन चर्चमधून अर्ध्यातून परत आली, घरामागं जाऊन ओकली आणि दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तळलेल्या माशाचा वास आला तर तिनं उशीत नाक खुपसलं. मिशेलला वाईट वाटलं. तिनं त्या दिवशी डाळभात केला.

पुढच्या शनिवारी पाणी उधाणाला लागलं होतं. मिशेलनं संध्याकाळी आठवण केली, "मम्मी, गोळी."

"घेतली," कार्मिन म्हणाली.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटताच कार्मिन ताठ मानेनं वलांडीवर आली, टबावर बसली, मजुरीच्या बायांना सूचना देत राहिली, आणि दुपारी तिनं बोंबलाचं कालवण बोटं चाटून खाल्लं. चाटायला बोटं तोंडापर्यंत नेताना तिला त्रास झाला, तो वेगळा.

मिशेल समोर भांडी घासत होती. तिनं हात थांबवला.

"मम्मी, काल गोळी घेतली नाही ना?"

"घेतली म्हनले ना."

"मग आज उलटी कशी नाही झाली?"

कार्मिननं ताटातला काटा बाजूला केला. "पानी उधानाचं हाय," ती म्हणाली.

"त्याचा गोळीशी काय संबंध?"

"तू वाडीतली. तुना न्हाय कलनार."

"मग सांगा ना. कळेल मला."

कार्मिननं इकडंतिकडं पाहिलं. मोझेस आणि डेन्झिल पाण्यावर होते. मग ती हळू आवाजात, पण रागानंच बोलली. "गोली घेतली की दुसऱ्या दिशी मना मासल्याचा वास सोसत न्हाय. पोटातून ढवलून येतं. उधानात सगला किनारा मासल्यानं भरलेला, आनि मी नाकाला फडका लावून ओकत बसू? कोलीन मासल्याच्या वासानं ओकते! ब्रिजिता काय म्हनंल? या वयात दिवस ग्येले म्हनून गावभर सांगंल. म्हनून मी भांगावर घेते. भांगात कोन कोनाकडं बगतंय?"

"म्हणजे पंधरा दिवसांनी एकदा? किती वर्षं?"

"पयल्यापासून."

"मम्मी, ती आठवड्याची गोळी आहे! डॉक्टरीण बिचारी डोकं खाजवतेय."

"डॉक्टरनीचा आठवडा वायला, आमचा वायला. आनि उधानात मी वलांडीवर नको का? बाया कामचुकार. तुजे बोंबील पडतात."

मिशेलला राग आला होता. सकाळपासून तिची बोटं बोंबलाच्या दातांनी सोलली होती. त्या रागात ती बोलून गेली, "वलांडीवर तुम्ही करता काय, मम्मी? टबावर बसूनच तर असता."

बोलल्याबरोबर तिनं जीभ चावली. पण शब्द गेला तो गेलाच. कार्मिननं ताट तसंच ठेवलं, दोन्ही तळव्यांनी जमिनीवर रेटा देत कशीबशी उठली आणि आतल्या खोलीत गेली.

पुढचे काही दिवस सासू-सुनेत बोलणं नव्हतं. मिशेल सकाळी परातीत पाणी ठेवी, कार्मिन हात बुडवी. बटणं लावताना दोघी वेगवेगळ्या दिशांना बघत. मिशेल सासऱ्याला सांगेल म्हणून कार्मिन धास्तावली होती. मिशेलनं सांगितलं नाही. तेच कार्मिनला जास्त लागलं. टबावर बसूनच असता. ती वलांडीवर जाऊन बसे आणि मनात तेच वाक्य फिरे. तिला दिसे की खरंच, बाया तिच्या सूचना ऐकतात आणि आपल्याला हवं तसंच करतात. ती इथं येत होती ती कामासाठी नव्हे. गेलेला हात परत मागायला येत होती, आणि त्याच हाताचं औषध चुकवून येत होती. हे एवढं साधं तिला आजवर का दिसलं नव्हतं? दिसलं होतं. तिला ते बघायचं नव्हतं.

*

पुन्हा भांग आला. होड्या वाळूत आडव्या पडल्या. मोझेस झावळ्यांच्या सावलीला जाळं पसरून बसला होता, सुईनं फाटलेली घरं विणत. कार्मिन त्याच्याशेजारी जाऊन बसली. पूर्वी अशा वेळी ती जाळ्याचं दुसरं टोक धरून विणायला लागायची. आता तिनं जाळं नुसतं गुडघ्यावर घेतलं.

"अवो," ती म्हणाली, "मी गोली दर शनिवारी न्हाय घेतली. भांगालाच घेतली."

मोझेसची सुई थांबली. "कवापासून?"

"पयल्यापासून."

मोझेसला बोलायची सवय कमी. पाण्यावर राहून राहून त्याचा आवाज जाड झाला होता, घरातही तो ओरडल्यासारखाच बोले, म्हणून तो बहुतेक गप्पच राही. त्यानं बराच वेळ जाळ्याच्या एकाच घराशी चाळा केला.

"म्हंजे इतके दिवस मना वाटं, गोली आपलं काम करतेय," तो म्हणाला, "आनि तू इकडं पान्याबरोबर खेलतेस."

"उधानात वलांडी सोडून घरात पडून राऊ? माजा जीव ऱ्हात न्हाय घरात."

"मना ठाव हाय." त्यानं सुई वाळूत खोचली. "सकाली तू चायचा कप दोन तलव्यांत धरतेस. लहान पोर धरतं तसा. त्ये मना बगवत न्हाय. म्हनून मी चाय न घेता लवकर पान्यावर जातो. तू समजतेस मना मासल्याची हाव सुटलीय."

कार्मिन त्याच्याकडं बघतच राहिली. तीस वर्षांच्या संसारात या माणसानं तिला असं काही सांगितलं नव्हतं. तिला त्याचा हात धरावासा वाटला, पण तो जोरानं धरेल आणि कळ येईल या भीतीनं तिनं हात मांडीवरच ठेवला. मोझेसलाही ते कळलं असावं. त्यानं आपला खरखरीत तळवा तिच्या हाताच्या शेजारी वाळूवर ठेवला, नुसता टेकवून.

"जोडी मी परत लावीन, पर तुजा हात गेल्यावर काय करू?" तो म्हणाला.

*

पुढच्याच आठवड्यात मिशेल तिला डॉक्टरांकडं घेऊन गेली. दोघींचं बोलणं अजून नीट सुरू झालं नव्हतं, पण बसमध्ये मिशेलनं खिडकीची जागा तिला दिली. कार्मिननं डॉक्टरांना सगळं सांगितलं, मान खाली घालून. डॉक्टर मृणालिनी रागावल्या, मग एकदम हसल्या. "समुद्राच्या भरतीवर गोळी घेणारा पेशंट मी पहिल्यांदा बघतेय." मग म्हणाल्या, "मळमळतं हे मला सांगायचं ना, मावशी. त्याला वेगळी गोळी देते. रात्री जेवणावर घ्या. मळमळ पूर्ण जाईल असं नाही, पण कमी होईल. वार हवा तर बदलून देते. कुठला सोयीचा?"

कार्मिननं विचार केला. कुठलाही वार धरला तरी उधाण त्याच्यावर येणारच, पाणी कोणाच्या वाराला बधत नाही. "शनिवारच राऊ दे," ती म्हणाली.

आणि नेमक्या त्याच शनिवारी पाणी उधाणाला आलं. अमावास्येचं. कार्मिननं रात्री जेवल्यावर पिवळी गोळी तळहातावर घेतली, तिच्याकडं रागानं बघितलं आणि गिळली.

रविवारी मोसमातली सगळ्यात मोठी मासळी लागली. घरातून सगळं ऐकू येत होतं. होड्यांचे आवाज, पाट्या आपटल्याचे आवाज, मजुरीच्या बायांची हाकाटी. खिडकी लावून घेतली तरी वास यायचा तो येतच होता. कार्मिन ओकली, चूळ भरली, लिंबू हुंगलं, पुन्हा आडवी झाली. मळमळीपेक्षा तिला किनाऱ्याची ओढ जास्त त्रास देत होती. आत्ता पाटीतले बोंबील अजून चमकत असतील. आत्ता ब्रिजिता कोणाची तरी नक्कल करत असेल, कारण सगळ्या एकदम हसल्या. त्या हसण्यात आपला आवाज नाही, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलं नाही, याचं तिला रडू आलं. ती मोठ्यानं रडली. घरात कोणी नव्हतं, रडायला हरकत नव्हती.

दुपारी मिशेल आली तेव्हा तिच्या अंगाला खवले चिकटले होते आणि बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. वास येऊ नये म्हणून ती बाहेरच नळावर खसखसून धुऊन आत आली.

"किती पडले?" कार्मिननं पडल्या पडल्या विचारलं. इतक्या दिवसांतलं तिचं पहिलं सरळ वाक्य.

"खूप पडले," मिशेल म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. "माझ्याच्यानं होत नाही, मम्मी."

"बोटं दाखव." मिशेलनं चिंध्या सोडल्या. कार्मिननं पाहिलं. दात सगळे अंगठ्यावर रुतले होते. "अंगठा कशाला घालतेस जबड्यात? मधलं बोट घाल, आनि अंगठा खालून नुसता टेकव. भुवया काढताना दोरा कसा धरतेस?"

मिशेलनं हवेत बोटं धरून दाखवली.

"तसंच. दोरा वढतेस तेवडाच हिसका. जास्त न्हाय. बोंबलाला भुवई समज."

मिशेलला हसू फुटलं. कार्मिनलाही फुटलं, पण हसल्यावर पुन्हा ढवळून आलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. "वास नाही येत ना माझा?" म्हणत मिशेल घाईनं मागं सरकली.

"येतो. बस तिथंच," कार्मिन म्हणाली.

त्यानंतर असेच रविवार गेले. काही भांगाचे, काही उधाणाचे. नव्या गोळीनं ओकारी थांबली नाही तरी निम्म्यावर आली. सकाळी परातीतलं पाणी गार व्हायच्या आत मुठी उघडायला लागल्या. थंडी गेली, उन्हाळा चढला. एके दिवशी न्हाणीतून कार्मिनची हाक आली. मिशेल धावत गेली तर कार्मिन वाहत्या नळासमोर उभी होती. "मी उघडला," ती म्हणाली, आणि पाणी वाया जातंय याची तिला शुद्ध नव्हती. तिनं तो बंद केला आणि परत उघडून दाखवला.

उजव्या हाताचं मधलं बोट मात्र वाकलं ते वाकलंच. चुकलेल्या शनिवारांनी आपला वाटा घेतला होता. डॉक्टरांनी ते बोट बराच वेळ हातात धरून ठेवलं. कार्मिननंच त्यांची समजूत घातली. "जाऊ दे. नऊ हायेत ना अजून."

अंगठी सांधून आणली. ती बोटात जाईना, म्हणून तिनं गळ्यातल्या साखळीत क्रूसाशेजारी ओवली.

*

पावसाळा सरला. वाळूत पुन्हा काठ्या रोवल्या, नव्या दोऱ्या ताणल्या. मिशेलनं यंदा नखं रंगवली नव्हती. पहिली होडी कधी येते याची कार्मिन शाळेच्या पोरीसारखी वाट बघत होती. आली ती नेमकी रविवारी. आदल्या रात्री तिनं गोळी हातात घेतली तेव्हा मोझेस समोरच बसला होता. उद्या पहिली मासळी उतरणार हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं पाण्याचा पेला पुढं केला. तिनं गोळी गिळली.

मिस्साहून परस्पर ती किनाऱ्यावर आली ती नाकाला फडका लावून. पाट्या उतरल्या. बोंबील उन्हात चमकले. मजुरीच्या बाया थांबल्या, आजूबाजूच्या वलांड्यांवरच्या बायका माना वर करून बघायला लागल्या. मागच्या वर्षीची जोडी कोणी विसरलं नव्हतं. मिशेल पाटीपासून दोन पावलं मागं उभी राहिली.

कार्मिननं फडका सोडला, कपाळावर क्रूसाची खूण केली, पाटीवर वाकली. वास असा भसकन आला की तिला सावरताच आलं नाही. ती बाजूला धावली आणि साऱ्या चौकाच्या देखत वाळूत ओकली.

ज्या गोष्टीच्या धाकानं तिनं वर्षानुवर्षं गोळी चुकवली होती, ती गोष्ट घडली होती.

"आयो कार्मिन!" ब्रिजिता ओरडली. "मोझेसनं यंदा काय क्येलं गो?"

बायकांना हसू फुटलं. मजुरीच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. मोझेस होडीआड लपला. आणि कार्मिन, गुडघ्यांवर हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला त्या हसण्यात स्वतःचा आवाज ऐकू आला. किती दिवसांनी.

"पोरगीच व्हईल. तुजं नाव ठेवीन!" तिनं ब्रिजिताला ठणकावलं, समुद्राच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि पाटीकडं परत आली.

उजव्या हाताचं मधलं बोट जबड्यात जाईना. तिनं बोंबील डाव्या हातात घेतला. डावा हात अडाणी, तरी त्यानं जबडा उघडला. दुसरा अडकवला. हिसका दिला. कळ आली, पण कोपरापर्यंत गेली नाही, मनगटातच राहिली. जोडी दोरीवर टाकली. एक बोंबील अलीकडे लोंबला, एक पलीकडे. वारा आला. जोडी हलली, झुलली, आणि तशीच राहिली. आता हसत कोणी नव्हतं.

मजुरीच्या बाया वाकल्या, पाट्यांना हात लागले, मिशेलची बोटं भराभर चालायला लागली. तिच्या जोड्या आता पडत नव्हत्या.

"मम्मी, झालं ना? बसा आता," ती म्हणाली.

"बसते," कार्मिन म्हणाली आणि आणखी दोन बोंबील उचलले. जबडा उघडला, अडकवला, हिसका दिला, दोरीवर टाकले.

ती जोडी पडली. पण दुसऱ्या जोडीकडं कोणी बघत नसतं. कार्मिननं वाळूतून बोंबील उचलले, पाण्यात खळबळून घेतले आणि पुन्हा जबडा उघडला.